मुरगाव की मोरमुगाओ

१८ डिसेंबर २०२२ च्या रात्री आमच्या पहिल्या पानावर एका युद्धनौकेचे नाव कसे छापावे यावरून वाद झाला. कार्यालयापुरता तो त्याच रात्री मिटला. माझ्या मनात मात्र तो मिटलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी पणजीतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. बातमी लिहिणारा वेगळा आणि तिला मथळा देणारा वेगळा, हे बाहेरच्या वाचकाला बहुधा ठाऊक नसते. मी मथळा देणाऱ्यांपैकी. तो रविवार होता. रात्री साडेआठला कतारमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना सुरू होणार होता, आणि गोव्यात त्या रात्री दुसरे काही महत्त्वाचे असू शकते हे कोणाला पटवणे अशक्य होते. शिवाय दुसऱ्या दिवशी गोवा मुक्तिदिन असल्यामुळे विशेष मजकुराची पाने दुपारपासून अडकलेली होती. या गर्दीत सकाळी मुंबईच्या नौदल गोदीत झालेल्या समारंभाची बातमी माझ्या वाट्याला आली: नवी विनाशिका नौदलात दाखल झाली होती आणि तिला आमच्या मुरगाव बंदराचे नाव दिले गेले होते.

युद्धनौकेच्या नावाचा मथळा मराठीत करणे वाटते तितके सोपे नाही. इंग्रजी वृत्तपत्रे नौकेचे नाव तिरप्या अक्षरांत छापून ते वेगळे काढतात. देवनागरीचा तिरपा टंक वृत्तपत्राच्या कागदावर वाईट दिसतो, म्हणून आम्ही एकेरी अवतरणचिन्हे वापरतो, आणि घाईत तीच पहिल्यांदा गळतात. मग लिंगाचा प्रश्न येतो. मुरगाव हे गाव नपुंसकलिंगी, पण युद्धनौका आणि विनाशिका दोन्ही स्त्रीलिंगी. त्यामुळे गाव ‘दाखल झाले’ असते आणि नौका ‘दाखल झाली’ असते. ‘विक्रांत’सारखे उघड पुल्लिंगी नावसुद्धा आमच्या पानांवर ‘परतली’ आणि ‘निवृत्त झाली’ असेच चालते, आणि वाचकाला त्यात काही खटकत नाही. अवतरणचिन्हे सुटली तरी क्रियापदाचे लिंग नौकेला गावापासून वेगळे ठेवते. ही सोय आपल्या भाषेने आपल्याला दिलेली आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. नवे सहकारी नौकेच्या नावाआधी ‘आयएनएस’ (भारतीय नौदलाची नौका) लावून पुढे ‘हे जहाज’ म्हणत वाक्यभर नपुंसकलिंग चालवतात आणि ती सोय वाया घालवतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

त्या संध्याकाळी माझ्यासमोर एकाच नौकेची तीन नावे होती. इंग्रजी पत्रकात रोमन अक्षरांतले नाव होते. हिंदीतून आलेल्या मजकुरात ‘मोरमुगाओ’ होते. मुरगाव बंदरालगतच्या वास्को शहरातल्या आमच्या बातमीदाराने समारंभाविषयी स्थानिक प्रतिक्रिया पाठवल्या होत्या, त्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘मुरगाव’ होते, कारण त्याच्या हातून दुसरे काही उतरणेच शक्य नव्हते. तालुका मुरगाव, पालिका मुरगाव, बंदर मुरगाव. आम्ही सारे रोज हेच लिहितो.

‘मोरमुगाओ’ कुठून आले हे कळायला भाषातज्ज्ञ लागत नाही. लोकांच्या तोंडचे नाव पोर्तुगीज लेखणीखाली आले तेव्हा शेवटच्या ‘गाव’चा एक अनुनासिक स्वर झाला; इंग्रजीत जाताना त्या स्वरावरचे चिन्ह गळाले; आणि ती उघडी पडलेली रोमन अक्षरे कोणीतरी दिल्लीकडे बसून परत देवनागरीत लिहिली तेव्हा ‘गाव’चे ‘गाओ’ झाले. ज्या लिपीत ते नाव शेकडो वर्षे सुखाने लिहिले जात होते, त्याच लिपीत ते परक्यासारखे परतले. मडगावचे रोमन स्पेलिंगही असेच आहे, पण मराठीत ‘मार्गाओ’ लिहिण्याची कोणाची छाती होणार नाही. पत्रकांचे भाषांतर करणारे फोन उचलून एका गोंयकाराला विचारत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे, आणि ती एका नौकेपुरती नाही.

मला त्या नावाचा इतका आग्रह का होता, हे सांगायला हवे. आपल्या नौदलाच्या मुख्यालयात नावे सुचवणारी एक अंतर्गत समिती असते आणि प्रत्येक प्रकारच्या नौकेसाठी ढोबळ संकेत ठरलेले आहेत. फ्रिगेटना, म्हणजे विनाशिकांहून सहसा लहान युद्धनौकांना, पर्वत, नद्या किंवा शस्त्रे; पाणबुड्यांना बहुधा शिकारी मासे; आणि विनाशिकांना अलीकडे शहरे. या वर्गातल्या चार विनाशिकांना देशाच्या चार दिशांची शहरे मिळाली: विशाखापट्टणम, मुरगाव, इंफाळ आणि सुरत. गोव्यासाठी राजधानीचे नाव सहज घेता आले असते. ते न घेता बंदराचे नाव घेतले, ही निवड मला अतिशय योग्य वाटते, कारण त्या बंदराला नौदलाची स्वतःची आठवण आहे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे समारंभाच्या बरोबर ६१ वर्षे आधी, ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेट मुरगाव बंदराच्या तोंडाशी आल्या आणि आत नांगरलेल्या पोर्तुगीज युद्धनौकेशी त्यांची तोफांची लढाई झाली. पोर्तुगीज नौका निकामी होऊन दोनापावला-बांबोळीच्या किनाऱ्याकडे वाळूत रुतली. तिचे नाव होते ‘अफोन्सो द अल्बुकर्क’. १५१० मध्ये ज्याने गोवा जिंकला त्याचे नाव वागवणारी नौका गोव्याच्याच पाण्यात, दोन भारतीय नद्यांची नावे वागवणाऱ्या नौकांपुढे संपली. राज्यकर्ते नौकेला विजेत्याचे नाव देतात तेव्हा ती नौका ज्यांना जिंकले त्यांच्यासमोर रोज उभी राहणार आहे, याचा विचार करत नाहीत. नदीचे किंवा गावाचे नाव असे कोणाच्या डोक्यावर उभे राहत नाही. त्याच कारणामुळे नौकांना व्यक्तींची, आणि त्यातही हयात व्यक्तींची नावे देण्याची अमेरिकी पद्धत मला पटत नाही. जॉर्ज बुश थोरले हयात असताना त्यांच्या नावाची विमानवाहू नौका २००९ मध्ये सेवेत आली. उद्या त्या माणसाविषयी देशाचे मत बदलले तर पाच हजार माणसांची ती नौका त्या मतभेदात ओढली जाणार. आपल्याकडे आंग्रे आणि शिवाजी ही नावे जमिनीवरच्या तळांना आहेत, ते शहाणपणाचे आहे.

तर मी मथळा केला: ‘मुरगाव’ नौदलात दाखल झाली. रात्रपाळीचे आमचे प्रमुख अनुभवी आणि शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी तो वाचला आणि पडद्यावर ‘मोरमुगाओ’ टाईप करून मला बोलावले.

“माणूस आपले नाव जसे लिहितो तसे आपण लिहितो,” ते म्हणाले. “नौकेचेही तसेच.”

“सर, नौका आपले नाव स्वतः लिहीत नाही. आणि ‘म्हैसूर’चे काय? इंग्रजीत काहीही असो, आपण ती विनाशिका कायम ‘म्हैसूर’च लिहिली. २०१९ मध्ये पाणबुडी आली तेव्हा आपण ‘खांदेरी’ छापले, कारण थळसमोरचा तो किल्ला मराठीत खांदेरीच आहे. नौदलाने स्वतः ‘कोचीन’ सोडून ‘कोची’ घेतले, ‘बॉम्बे’ नाही तर ‘मुंबई’ घेतले. मग आपल्याच गावाला आपण का परके करायचे?”

त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि असे उत्तर दिले की मी आजही त्यावर अडखळते. ते म्हणाले की आज ही नौका समारंभात आहे, पण मथळा लिहिणाऱ्याने तिचा सर्वांत वाईट दिवसही डोळ्यांसमोर ठेवावा. ५ डिसेंबर २०१६ ला मुंबईच्या गोदीत ‘बेतवा’ कलंडली, दोन नौसैनिक गेले, तेव्हा नदीचे नाव असल्यामुळे मथळा कोणाच्या घरावर पडला नाही. उद्या ‘मुरगाव’ला आग लागली असे आपण छापले तर वास्कोतल्या लोकांनी सकाळी काय समजायचे? गाव आणि नौका यांच्यात एका अक्षराचा तरी फरक असलेला बरा.

मला लगेच ‘डॉइचलँड’ आठवली. देशाचेच नाव असलेली ती नौका बुडाली तर देश बुडाल्यासारखे दिसेल, या भीतीने जर्मनीने दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तिचे नाव बदलून ‘ल्युत्सो’ केले होते. म्हणजे प्रमुखांची शंका पोकळ नव्हती. परंतु त्याच तर्काने ‘दिल्ली’ आणि ‘मुंबई’ही नको होत्या, आणि संकटाच्या दिवशी गाव घाबरेल म्हणून आनंदाच्या दिवशी त्याचे नाव मोडायचे, हे मला मान्य नव्हते. मी तसे म्हटले. तोपर्यंत सामना ३-३ वर येऊन पेनल्टीपर्यंत पोहोचला होता आणि छपाईखात्यातून पान सोडण्याविषयी दुसऱ्यांदा फोन आला होता. अर्जेंटिना जिंकली, पहिले पान पुन्हा मांडले गेले, आणि तळाच्या तीन कॉलमांत ‘मोरमुगाओ’ छापून गेली. १६३ मीटर लांबी, ७४०० टन वजन, हे सारे अचूक होते. आतल्या पानावर मुक्तिदिनानिमित्त १९६१ च्या लढाईची जी चौकट मी दुपारीच लावली होती, तिच्यात मात्र सगळीकडे ‘मुरगाव’ होते. एकाच अंकात दोन नावे गेली, हा दोष माझा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर आले तेव्हा मुरगावच्या सडा भागातल्या एका वृद्ध वाचकांचा फोन दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा तो मी घेतला. लढाईच्या दिवशी ते लहान होते; घरच्यांनी मुलांना आत कोंडून ठेवले होते आणि तोफांच्या आवाजाने खिडकीतल्या शिंपांची तावदाने थरथरली होती, एवढे त्यांना आठवत होते. नंतर अनेक वर्षे त्यांनी बंदरात काम केले. चौकट आवडली असे त्यांनी आधी सांगितले. मग पहिल्या पानाकडे वळले.

“बाय, तें आमचें मुरगांव न्हय,” ते म्हणाले.

मी त्यांना नौकेच्या अधिकृत नावाविषयी समजावू लागले, प्रमुखांचीच वाक्ये माझ्या तोंडून बाहेर पडत होती हे मला जाणवत होते. त्यांनी मला पूर्ण बोलू दिले. पोर्तुगीज शाळेत गुरुजी ते नाव त्यांच्या पद्धतीने फळ्यावर लिहीत आणि घरी आल्यावर आजी ‘मुरगांव’ म्हणे, एवढेच त्यांनी सांगितले. राग त्यांच्या आवाजात नव्हता. ती बोट कधी आपल्या बंदरात येईल आणि लोकांना आत जाऊन पाहता येईल का, हे त्यांना विचारायचे होते. त्यासाठीच ते सकाळपासून फोन करत होते.

आमच्या डेस्कवर एक वही आहे, तिच्यात वादग्रस्त शब्दांचे ठरलेले लेखन नोंदवले जाते. प्रमुखांनी त्या आठवड्यात तिच्यात लिहिले: गाव – मुरगाव, नौका – मोरमुगाओ. मी त्यावर सही केली, कारण वहीत दोन मते ठेवता येत नाहीत.

पुढे १३ जून २०२३ ला तमिळनाडूतल्या काट्टुपल्ली येथे पाणबुडीविरोधी नौकेचे जलावतरण झाल्याची बातमी आली. तिचे नाव ‘अंजदीप’. कारवारसमोरचे ते बेट गोव्याच्या हद्दीत मोडते, १९६१ च्या त्याच १८ डिसेंबरला तिथे उतरताना नौदलाचे जवान मारले गेले, आणि गोव्यात त्याला अंजदीव म्हणतात. बातमी पुन्हा माझ्याकडेच होती आणि या वेळी पान रिकामे होते, घाई नव्हती. मी मथळ्यात ‘अंजदीप’ ठेवले, पहिल्या परिच्छेदात ‘अंजदीव बेटाचे नाव दिलेली’ असे लिहिले, आणि प्रमुखांकडे पाठवले. त्यांनी ते वाक्य तसेच ठेवले. वहीत मात्र अजून त्याची नोंद झालेली नाही.