ऑइल कूलर बसवताना बेअरिंग कोरडं पडू नये म्हणून: जुन्या होंडा सिटी व्हीटेकवरचा माझा अनुभव

ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणारा छोटा रेडिएटर, घेण्याआधी मी तेलाच्या तापमानाचा मीटर लावला. सेन्सर चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) ड्रेन बोल्टमध्ये. गाडी भारतातल्या पहिल्या पिढीची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, अगदी खंबाटकी चढतानाही तेल ११० अंशांपुढे गेलं नाही. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर मात्र पाचव्या-सहाव्या फेरीला काटा १३५ वर टेकला. गाडी फक्त रस्त्यावर पळणार असती तर मी कूलर लावलाच नसता. तेल कायम ८० च्या खाली राहिलं तर त्यात उतरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि इंजिन उलट लवकर झिजतं. म्हणूनच थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट घेतली. ही प्लेट ब्लॉक आणि फिल्टर यांच्या मध्ये बसते आणि तिला कूलरचे होज जोडतात; थर्मोस्टॅट तेल तापल्यावरच कूलरची वाट पूर्ण उघडतो. थर्मोस्टॅट नसलेली प्लेट स्वस्त पडते, पण आपल्याकडे महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या सकाळी तिचा त्रासच होतो.

कूलरमुळे बेअरिंगांचा तेलपुरवठा का तुटतो, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. पंप तेल ढकलतो, ते फिल्टरमधून मेन गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत) आणि तिथून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगांना जातं. सँडविच प्लेट फिल्टरच्या आधी हा रस्ता तोडते आणि तेलाला कूलरची फेरी मारायला लावते. जास्तीचा दाब सोडणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो पंपातच, म्हणजे या फेरीच्या अलीकडे. होज, एल्बो आणि कूलर यांत जो दाब खर्च होतो त्याची व्हॉल्व्हला खबरही नसते. तो आपल्या ठरलेल्या दाबाला उघडतो आणि घट सोसतात ती बेअरिंगं. त्यामुळे प्रेशर मीटरचा सेन्सर प्लेटवरच्या भोकात लावू नये. तिथे बहुतेक वेळा फिल्टरच्या आधीचा दाब दिसतो आणि तो छानच दिसतो. तापमानाला ती जागा चालेल. दाब मोजायचा तो ब्लॉकवर, ऑइल लाइटच्या स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून.

इथे एक खोच आहे. होंडाचं ते भोक १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचं), म्हणजे इंचाला २८ आटे. बाजारात मिळणारे बरेच सेन्सर १/८ एनपीटी (अमेरिकन मापाचे), २७ आट्यांचे. दोन-तीन फेरे दोन्ही सारखेच बसतात, मग जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. शिवाय जड सेन्सर पितळी टीवर लटकवला तर कंपनाने टी तडकतो आणि चेंबर रस्त्यावर रिकामं होतं. मी छोट्या होजने सेन्सर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) नेला. आट्यांना टेफ्लॉन टेप लावला नाही. टेपची दोरी सुटून तेलाच्या बारीक भोकात अडकते. द्रव सीलंट लावला, तोही पहिले दोन आटे कोरडे सोडून.

फिल्टरच्या आट्यांचाही तोच घोळ. होंडाला एम २० × १.५ लागतो, टोयोटाच्या बऱ्याच फिल्टरना ३/४-१६. डोळ्यांना फरक दिसत नाही. प्लेटचा मधला बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मध्येच अडला तर पाना लावायचा नाही. प्लेट लावण्याआधी जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलंय का ते बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक आली की थंड तेलाच्या दाबाने वरचं बाहेर फेकलं जातं. प्लेटचा ओ-रिंग खाचेत बसवताना तेलाचा हात फिरवला, मग प्लेट दाबून धरून मधला बोल्ट टॉर्क पान्याने कसला. प्लेटमुळे फिल्टर बाहेर येतो, तेव्हा ड्राइव्हशाफ्टपासून किती जागा उरते तेही बघून घ्यावं. फिल्टर नेहमीसारखाच: रबर टेकल्यावर पाऊण फेरा.

साध्या सँडविच प्लेटला कुठला होज कुठे, याने फारसं बिघडत नाही. पण फिल्टर दुसरीकडे हलवणारं किट असेल तर आत-बाहेर उलटं लागू देऊ नका. फिल्टरमधला अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह (तेल मागे जाऊ न देणारी झडप) उलट्या दिशेने रस्ताच बंद करतो.

होज एएन-१० मापाचे घेतले (एएन हे होज-फिटिंगचं माप), आतून सुमारे १४ मिलिमीटर. एएन-६ स्वस्त आणि वळवायला सोपे, पण आतून जेमतेम ९, म्हणजे निम्म्याहूनही कमी वाट. टोकांना ९० अंशांचे एल्बो दोनच, तेही वाकवलेल्या नळीचे. काटकोनात भोक पाडलेले स्वस्त एल्बो आणि बँजो (पोकळ बोल्टचे जोड) टाळले.

मला सर्वांत जास्त धास्ती होती ती होज कापण्याची. वेणीचा (बाहेरून स्टीलच्या तारांची वीण असलेला) होज टेप गुंडाळून बारीक दात्याच्या ब्लेडने कापला. फिटिंगचं निपल (होजमध्ये घुसणारी नळी) आत ढकलताना ते आतल्या रबराची साल सोलू शकतं. ती साल आत झडपेसारखी लोंबते: हवा मारली तर जाते, तेल उलट आलं की बंद. म्हणून निपलला तेल लावून सरळ घुसवलं, नटाच्या कडेला होजवर खूण केली आणि कसताना होज मागे सरकत नाही ना ते पाहिलं. शेवटी प्रत्येक होज रॉकेलने धुऊन, हवा मारून, एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकातून बघितला. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कूलरही नवा असला तरी धुतला. अॅल्युमिनियमचा कीस निघालाच.

कूलर १३ ओळींचा, रेडिएटरपुढे, तोंडं वर करून, रबरी बुशांवर. तोंडं खाली ठेवली तर वर हवा अडकते. तोंडं बाजूला येतील असा आडवा लावणं भाग असेल तर तेल खालच्या तोंडाने आत आणि वरच्या तोंडाने बाहेर.

आता खरी पायरी. रिकामा कूलर आणि दोन मीटर होज यांत माझ्या जोडणीत पाऊण लिटरच्या आसपास तेल गेलं, आणि नुसता सेल्फ मारून गाडी चालू केली असती तर ते सगळं बेअरिंगांच्या वाट्यातून गेलं असतं. कूलर जागेवर बसवून त्याच्या तोंडातून तेल भरलं, गाडी थोडी हलवून बुडबुडे काढले, पुन्हा भरलं. होज आणि फिल्टरही भरले. मग डिस्ट्रिब्युटरचा कनेक्टर काढला, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, चारही प्लग काढले आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारला, मध्ये मिनिटभर थांबून. तिसऱ्या खेपेला मीटरने दाब दाखवला. दाब दिसेपर्यंत प्लग परत लावायचे नाहीत.

थर्मोस्टॅट प्लेटच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सुटते. इंजिन थंड असताना कूलरमधून अगदी थोडंच तेल वाहतं. उरलेली हवा थर्मोस्टॅट उघडल्यावर, माझ्या प्लेटमध्ये ८० अंशांना, एकदम पुढे सरकते. तेव्हा गाडी घाटात चौथ्या गिअरला असेल तर? मी जागेवरच आयडलला ठेवून गरम केली, दोन्ही होज हाताला तापलेले लागेपर्यंत. त्या क्षणी काटा किंचित थरथरला. मग बंद करून पाच मिनिटं थांबलो. डिपस्टिकवर तेल खाली गेलं होतं, ३०० मिली घातलं. वरच्या खुणेच्या पुढे मात्र नाही, नाहीतर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाने दाब धरत नाही.

गरम तेलावर होंडाच्या मॅन्युअलचा किमान आकडा आयडलला ०.७ आणि ३००० आरपीएमला ३.५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आहे. कूलरआधी मला ३००० ला ४.३ मिळत होते, नंतर ४.० मिळाले. एवढी घट चालते. एक किलोच्या वर पडली असती तर होज पुन्हा खोलले असते. ट्रॅकवर तेल आता ११५ च्या आसपास राहतं. लांब वळणात तेल चेंबरच्या एका बाजूला जाऊन पिकअप (पंपाची तेल ओढणारी नळी) उघडा पडतो, त्यावर कूलरचा काही उपयोग नाही. त्याला चेंबरमध्ये बॅफल (तेल अडवून धरणारा पत्रा) लागतो.

पहिल्या २०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासले. वेणीचा होज सबफ्रेमला घासत होता. ही वेणी करवतीसारखी कापते, तेव्हा तिथे रबरी पट्टीचा क्लँप टाकला. तेल बदलताना कूलरमधलं जुनं तेल आतच राहतं, म्हणून मी बदलाचं अंतर थोडं कमी केलंय. भंगारातला कूलर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. ज्या इंजिनाचं बेअरिंग गेलंय त्याचा कूलर कितीही धुतला तरी पत्र्यांमधला कीस पूर्ण निघत नाही.