दाढ काढायला गेले तेव्हा

माझा आजार आधी तोंडातच दिसला होता. २०१८ साली टाळूला आणि गालांच्या आतून दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे आले. ब्रशनं खरवडले की खाली लालबुंद, भाकरीचा घास गिळताना डोळ्यांत पाणी. उष्णता असेल म्हणून महिनाभर सब्जा भिजवून खाल्ला. शेवटी सिव्हिलमध्ये रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींचा आकडा, होता १६४. तो २००च्या खाली गेला की तोंडात बुरशी सहज वाढते आणि ते चट्टे तिचेच होते, हे नंतर कळलं.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सुरू झाल्या, चट्टे गेले, वजन वाढलं. मग तोंडाकडे मी बघितलंच नाही. त्यात दोन वेळची मिश्री, आईकडून लागलेली. तीन वर्षांनी खालची दाढ ठणकायला लागली.

दातांच्या डॉक्टरांना मी आपणहून सगळं सांगितलं. त्यांनी हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे काढले. "आमच्याकडे तुमच्यासाठी वेगळी सोय नाही." सुजलेला गाल पदरानं झाकून मी स्टँडवर बसून राहिले.

एआरटी सेंटरच्या समुपदेशक ताई ऐकून चिडल्याच. म्हणाल्या, वेगळी सोय लागतच नाही. अवजारं निर्जंतुक करायची, हातमोजे नवे घालायचे, हे प्रत्येकच पेशंटसाठी करायचं असतं. आणि एचआयव्हीमुळे उपचार नाकारायला २०१७च्या कायद्यानं बंदी आहे, १० सप्टेंबर २०१८पासून तो लागू आहे. तक्रार करायला त्या सोबत येणार होत्या. गावात नाव फुटेल म्हणून मीच नको म्हटलं. ते अजून बोचतं.

त्यांची चिठ्ठी घेऊन सरकारी डेंटल कॉलेजात गेले. तिथल्या मॅडमनी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट पाहिला, चालू गोळ्या विचारल्या, रक्त तपासलं आणि दाढ काढली. जखम इतरांसारखीच भरली. पुढच्या खेपेला जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा, जिभेखालची जागा, सगळं नीट पाहिलं. दोन दात भरले, दात साफ केले. लाळ कमी सुटते म्हणून कीड लवकर लागते, तेव्हा घोट घोट पाणी प्यायचं, दिवसभराचा गोड चहा कमी करायचा. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, दोनदा, रात्री झोपताना तर नक्कीच. मिश्री बंद.

मिश्रीनं रडवलं. पहिले आठ दिवस डोकं धरायचं आणि हात आपसूक कोनाड्यातल्या डबीकडे जायचा. डबी धुऊन तिच्यात बडीशेप भरली, तेव्हा कुठे हाताला चैन पडलं.

आता दर सहा महिन्यांनी दात दाखवते, काही दुखत नसलं तरी. दर रविवारी खिडकीपाशी आरसा आणि मोबाईलची बॅटरी घेऊन तोंड तपासते. मागच्या वर्षी टाळूवर पांढरं दिसलं, तर मेडिकलमधून मलम न आणता थेट सेंटरला गेले. चट्टे परत आले तर गोळ्या नीट लागू पडताहेत ना, हे आधी बघावं लागतं. दुधाची साय चिकटली होती. ताईंनी तरीही वहीत नोंद केली.