एमजीबी जीटी: गरम झाल्यावर ३,००० वर अडकणारी रेस, कारण सापडलं

मंडळी, माझ्या एमजीबी जीटीची, म्हणजे या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, चढलेली रेस (इंजिनाचा वेग) अखेर उतरली. बाकीची कामं मुद्दाम थांबवली होती, कारण या एका दुखण्यापायी गाडी रस्त्यावर काढायची हिंमतच होत नव्हती.

गाडी १९७४ ची, १७९८ सीसीचं बी-सीरीज इंजिन, हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारे दोन कार्बोरेटर, एसयू कंपनीचे एचआयएफ४ मॉडेल. थंड असताना काही तक्रार नाही. गरम झाली आणि ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडला, की रेसचा काटा मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर जाऊन तिथेच थांबायचा. पेडल पूर्ण वर आलेलं, तरी इंजिन भणाणतंय.

आधी एक महत्त्वाचं. चालत्या गाडीत असं झालं तर घाबरून क्लच दाबू नका, भार गेला की इंजिन आणखी सुसाट सुटतं. गिअरमध्ये ठेवूनच इग्निशन बंद करा, पण किल्ली बाहेर काढू नका. या गाडीला स्टिअरिंग लॉक आहे.

केबल, रिटर्न स्प्रिंगा आणि चोक लगेच निकालात निघाले. केबल कार्बोरेटरपाशी सोडवली, दोन्ही स्पिंडल (थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या झडपेची चकती फिरवणारे दांडे) हाताने बंद करून पाहिले, चोक ओढल्यावर रेस वाढवणाऱ्या फास्ट आयडलच्या स्क्रूखाली फट स्पष्ट दिसत होती. रेस जशीच्या तशी.

म्हणजे थ्रॉटल बंद असूनही हवा आत जातेय. कुठून, हे एसयू स्वतःच सांगतो, आणि म्हणूनच मला हा कार्बोरेटर इतका आवडतो. त्याच्यातून जितकी हवा जाईल तितका त्याचा पिस्टन उचलला जातो आणि तितकंच पेट्रोल सुटतं. मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून किंवा ब्रेकच्या सर्व्होच्या पाइपातून हवा शिरली, तर ती कार्बोरेटरला टाळून येते. पिस्टन खालीच राहतो, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), इंजिन अडखळतं. माझं इंजिन तर ३,००० वर अगदी गुळगुळीत चालत होतं.

एअर फिल्टर काढून डोकावलो. मागच्या कार्बोरेटरचा पिस्टन पुढच्यापेक्षा चांगलाच वर उचललेला. दोन्ही तोंडांवर तळहात घट्ट दाबले, इंजिन तत्काळ बंद. कार्बोरेटरच्या पलीकडे गळती असती तर ते थोडं तरी फुरफुरत राहिलं असतं. गळती शोधायला स्प्रे मारायची पद्धत या इंजिनवर नकोच. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, तापलेल्या लोखंडावर ज्वालाग्राही फवारा कशाला उडवायचा?

ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटरही तपासून घेतला. आतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या तर आयडललाच (पाय न लावता इंजिन चालत असताना) ॲडव्हान्स वाढतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते, त्याने रेस वाढते, रेसमुळे पुन्हा ॲडव्हान्स. टायमिंग लाइट लावून पाहिलं, तिथे सगळं ठीक.

मग मागचा कार्बोरेटर उतरवला. याच्या थ्रॉटलच्या पितळी चकतीतच स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. चकती बंद करून दिव्यासमोर धरली, तर त्या व्हॉल्व्हच्या कडेने उजेडाची चंद्रकोर दिसली. नखाने दाबला, काही विरोधच नाही. पुढच्या कार्बोरेटरचा मात्र चांगला जोर लावल्याशिवाय हलेना.

हा व्हॉल्व्ह धुराचे नियम पाळण्यासाठी घातलेला. उतारावर पाय काढला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम प्रचंड वाढतो, तेव्हा हा थोडा उघडून जळण्यापुरतं मिश्रण आत सोडतो. स्प्रिंग थकली की साध्या व्हॅक्युमलाही उघडतो. आणि एकदा रेस चढली की बंद थ्रॉटलमुळे व्हॅक्युम जास्तच राहतो, व्हॉल्व्ह उघडाच राहतो. काटा अडकत होता तो यामुळे.

काहीजण व्हॉल्व्हला डाख (सोल्डर) लावून तो कायमचा बंद करतात. मला ते पटत नाही, डाख सुटला तर तुकडा थेट इंजिनात जाईल. दोन्हीकडे व्हॉल्व्ह नसलेल्या सपाट चकत्या बसवल्या. चकती आधी सैल ठेवायची, थ्रॉटल दोन-चारदा फटकन बंद करून ती आपोआप मध्यावर बसू द्यायची, मगच स्क्रू आवळायचे. स्क्रू नवेच घ्यायचे आणि त्यांची चिरलेली टोकं फाकवायची. स्पिंडलला खालून आधार द्या, नाहीतर वाकेल.

दोन्ही कार्बोरेटर जुळवून घेतल्यावर आयडल ८०० वर स्थिर आहे, पूर्ण गरम असतानाही. पाय काढला की काटा सरळ खाली येतो.

मागच्या स्पिंडलला बोटाने हलवलं की किंचित खेळ जाणवतो. त्याचे बुश (स्पिंडल ज्यात फिरतो त्या नळकांड्या) बदलणं हे पुढचं काम. एचआयएफचे बुश घरी रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) लावून कोणी बसवले असतील, तर कार्बोरेटरचं अंग धरायला काय वापरलं ते जरूर सांगा.