गच्चीवरचा सेंद्रिय डेलिया : दसऱ्याआधी झाड उभं राहिलं पाहिजे

डेलियाबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं थंड देशांतलं असतं. वसंतात कंद लावा, उन्हाळाभर फुलं काढा, दंव पडायच्या आत कंद उकरून घ्या. पुण्यातल्या गच्चीवर हे वेळापत्रक जसंच्या तसं पाळलं, तर कंद एप्रिल-मेच्या उन्हात भाजतात आणि उरलेसुरले जुलैच्या पावसात कुजतात. माझं वेळापत्रक असं: जूनमध्ये कंद जागे करायचे, जुलै-ऑगस्टमध्ये कलमं काढायची आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रोपं मोठ्या कुंडीत न्यायची. फुलं डिसेंबर ते फेब्रुवारी.

यातली सप्टेंबरची मर्यादा सगळ्यात महत्त्वाची, आणि त्यामागे कारण आहे. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. दिवस साधारण १२ तासांपेक्षा लहान झाला की हे झाड पानं-फांद्या वाढवणं आवरतं घेऊन खाली कंद भरायला लागतं. आपल्याकडे सप्टेंबर संपता संपता दिवस १२ तासांच्या खाली येतो आणि डिसेंबरात ११ तासांवर. म्हणजे नोव्हेंबरात नर्सरीतून आणलेलं चार पानांचं रोप वीतभर उंचीवरच कळी धरतं. फूल लहान येतं आणि लवकरच मधला पिवळा डोळा उघडा पडतो. खताने हे सुधारत नाही. झाडाचा सांगाडा दसऱ्यापर्यंत तयार हवा, एवढंच.

कंद विकत घेताना बहुतेक लोक जाडी बघतात. बघायची ती मान. फुटव्याचा डोळा कंदावर नसतो, गेल्या वर्षीच्या खोडाच्या बुडख्याला जिथे कंद चिकटतो तिथे असतो. मान मोडलेला किंवा बुडख्यापासून सुटलेला कंद कितीही गुटगुटीत असला तरी मुळं सोडेल, कोंब देणार नाही. बटाट्यासारखे तुकडे करून लावणं इथे चालत नाही. प्रत्येक तुकड्यासोबत बुडख्याची डोळा असलेली चकती आलीच पाहिजे.

जूनमध्ये हे कंद पसरट ट्रेमध्ये ओलसर कोकोपीटवर ठेवायचे, बुडखा उघडा ठेवून, पाऊस लागणार नाही अशा उजेडाच्या जागी. कोंब ७-८ सेंटिमीटरचे झाले की कलमं काढायची. कोंब पोकळ झाला असेल तर सोडून द्या, त्याला मुळं फुटत नाहीत. धारदार, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने पेराच्या लगेच खाली कापायचं, खालची पानं काढायची आणि निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट अशा मिश्रणात खोचायचं. मुळांना दोन ते तीन आठवडे लागतात. या काळात कलमं मरतात ती बहुधा जास्त पाण्यानेच. ब्लेड पुसण्याचा आग्रह विषाणूसाठी. पानांच्या शिरा फिकट पिवळ्या, पान आकसलेलं आणि झाड खुजं दिसलं की त्या झाडाचं एकही कलम घेऊ नये. त्याला औषध नाही. कंदासकट उपटून कचऱ्यात द्यावं, कंपोस्टच्या ड्रममध्येही नको.

कुंडी मोठ्या फुलांच्या जातींना, म्हणजे पिवळ्या ‘केल्विन फ्लडलाइट’सारख्यांना, १२ इंची. ‘फिगारो’सारख्या बुटक्या, बियांपासून येणाऱ्या जातींना ८ इंची पुरते. मिश्रण: दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळून मुळं तोडते. १२ इंची कुंडीला निंबोळी पेंड ५० ग्रॅम आणि वाफवलेलं हाडांचं खत तेवढंच. हे सगळं मिसळून, ओलवून, झाकून पंधरा दिवस आधी ठेवावं. सेंद्रिय खत जिवाणूंनी फोडल्यावरच मुळांना मिळतं, त्याला वेळ लागतो. कळ्या दिसल्यावर घातलेली पेंड त्या कळ्यांच्या कामाची नसते. राख घालण्याची आपल्याकडे फार हौस. काळी माती आणि बोअरचं पाणी आधीच अल्कधर्मी, त्यात राखेची भर पडली की कोवळी पानं हिरव्या शिरा ठेवून पिवळी पडतात. लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. मी राख घालत नाही.

बांबूची काठी रोप लावतानाच रोवा. नंतर खुपसली तर थेट कंदातून जाते.

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. मोठ्या फुलांच्या जातीवर तीन ते चार फांद्या पुष्कळ झाल्या. बादलीभर जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताचं, माझं माप: २० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, प्रत्येकी २०० ग्रॅम गूळ आणि बेसन, एक मूठ झाडाखालची माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळायचं, तीन-चार दिवसांनी वापरायला घ्यायचं आणि आठवड्यात संपवायचं. कुंडीसाठी दहापट पाणी मिसळून, पंधरवड्यातून एकदा, ओल्या मातीवर. कळ्या धरल्या की नत्र देणारं सगळं थांबवावं. पानं गडद हिरवी, खोड जाड पण पोकळ आणि फूल मान टाकतंय, तर नत्र जास्त झालं. अशा झाडाचे कंदही टिकत नाहीत.

फांदीच्या टोकाला बहुधा तीन कळ्या येतात. बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या झाल्या की बोटाने काढून टाकायच्या, खालच्या एक-दोन पेरांतले फुटवेही. जीवावर येतं, पण फुलाचा आकार इथेच ठरतो. मोठ्या जातीत वाटाण्याएवढ्या कळीचं पूर्ण फूल व्हायला साधारण चार आठवडे लागतात. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या उत्तरार्धात असतं, तेव्हा त्यासाठी कळी निवडायची ती डिसेंबरच्या शेवटी. बुटक्या जातींच्या कळ्या मात्र काढत बसू नये. तिथे मजा संख्येची. सुकलेली फुलं काढताना गफलत होते ती ओळखण्यात: नवी कळी गोल आणि चपटी असते, पाकळ्या गळून मिटलेलं फूल निमुळतं टोकदार. खुडायचं ते टोकदार.

आता कीड. नोव्हेंबरात शेंड्यांवर मावा येतो, आणि विषाणू पसरवणारा तोच, म्हणून त्याला हलकं घेऊ नये. १ लिटर कोमट पाण्यात आधी २ मिली पातळ साबण, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल. सूर्य उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं, उमललेली फुलं वगळून. थंडीत रात्री दमट असल्या की भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी येते. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात, आठवड्यातून एकदा. हे आधीपासून सुरू केलं तरच उपयोगी. पानं पांढरी झाल्यावर दूध वाया जातं, तेव्हा सरळ खालची पानं काढून हवा खेळती करावी. फेब्रुवारी तापला की लाल कोळी. पान तांबूस, धुळकट दिसतं आणि खाली बारीक जाळी असते. इथे तेलापेक्षा पाण्याचा जोरदार फवारा बरा, पानांच्या खालून, एक दिवसाआड. पाण्यात विरघळणारं गंधक सेंद्रियात चालतं, २ ग्रॅम लिटरला, पण तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे नाही आणि कडक उन्हात तर नाहीच, पानं करपतात.

मार्चमध्ये पानं पिवळी पडायला लागली की पाणी हळूहळू कमी करा, खोड १०-१५ सेंटिमीटरवर कापा आणि आठवडाभर कुंडी तशीच कोरडी ठेवा. या आठवड्यात डोळे फुगतात आणि नंतर विभागताना दिसतात. मग कुंडी उलटी करून कंदांचा गड्डा अखंड काढा, माती झटका, दोन दिवस सावलीत वाळवा, कापलेल्या जागी हळद लावा. थंड देशात कंदाला दंवापासून जपतात, आपल्याकडे सुकून सुरकुतण्यापासून. म्हणून कागदाच्या पिशवीत नाही, तर मातीच्या मडक्यात, जेमतेम ओलसर वाळूत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. ओल एवढीच की वाळू मुठीत दाबली तर पाणी येऊ नये. पंधरा दिवसांनी उघडून बघायचं. सुरकुतलेल्यावर पाण्याचा शिपका, मऊ पडलेला कापून बाहेर, कारण एक कुजला की शेजारचे लागतात. फ्रिजमध्ये उघडे ठेवलेले कंद सुकतात. विभागणी मार्चमध्ये करू नका. सुटे कंद उन्हाळ्यात फार लवकर आटतात, अखंड गड्डा टिकतो.

मेअखेरीस वळवाच्या दमटपणाने काही कंदांना मडक्यातच पांढरे लांबट कोंब येतात. ते कलमाला कामाचे नाहीत. तळाशी बोटभर ठेवून मोडा आणि कंद ट्रेमध्ये उजेडात आणा; तिथून नवे, आखूड आणि हिरवे कोंब येतील.