विन्स्लोचा कोपरा आणि चौदा वर्षांची सुट्टी

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या विन्स्लोला जायचंय म्हटल्यावर आतेभाऊ हसायलाच लागला. "ताई, ग्रँड कॅन्यन सोडून विन्स्लो? तिथे बघायला एक कोपरा आहे. नुसता रस्त्याचा कोपरा."

म्हटलं, तोच बघायचाय.

तो फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. सकाळी सहाला निघालो. थर्मासमध्ये चहा, त्याच्या बायकोनं फॉइलमध्ये बांधून दिलेले धपाटे आणि गाडीत ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचा अल्बम, 'हेल फ्रीझेस ओव्हर'. पहिला तासभर दोन्ही बाजूंना हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. मग रस्ता चढायला लागतो, निवडुंग कधी संपले ते कळत नाही आणि फ्लॅगस्टाफला पोचेपर्यंत पाइनची झाडं आणि स्वेटर. दोन हजार मीटरच्या वर आहे ते गाव.

या अल्बमशी माझी ओळख मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची. ९५ साल असेल. बाबांबरोबर डेक घ्यायला गेले होते. तेव्हा स्पीकर विकणाऱ्या बहुतेक दुकानांत एकच गाणं लावून दाखवायचे, याच अल्बममधलं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. आधी गिटारची ती रेंगाळणारी, स्पॅनिश वळणाची सुरुवात, आणि मग पोटात बसणारा तालवाद्याचा ठोका. दुकानदार म्हणाला, "बेस बघा, साहेब!" बाबा भजनी मंडळातले. त्यांनी बेस बघितला नाही. सगळे मिळून गायला लागल्यावर म्हणाले, "एका सुरात आहेत रे. घरचे आहेत का एकमेकांचे?"

घरचे नव्हते. खरं तर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ३१ जुलै १९८० ला कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला त्यांचा कार्यक्रम झाला. त्यात बँडमधला गायक ग्लेन फ्राय आणि गिटारवाला डॉन फेल्डर गात-वाजवत असतानाच, अजून किती गाणी राहिली आणि मग तुला कसा बघतो, असं एकमेकांना ऐकवत होते. बँड तिथेच संपला. तरी लाइव्ह अल्बम देणं बाकी होतं. त्यातले आवाज दुरुस्त करायला फ्राय एका किनाऱ्यावर आणि बाकीचे दुसऱ्या किनाऱ्यावर बसले, टेप कुरियरनं इकडून तिकडे. मधे अख्खी अमेरिका आणि कानावर मात्र एकजीव कोरस. पुन्हा कधी एकत्र वाजवणार, या प्रश्नाला बँडचा ड्रमर आणि गायक डॉन हेन्लीचं ठरलेलं उत्तर होतं: नरक गोठेल तेव्हा. १९९४ मध्ये तो गोठला, आणि अल्बमला तेच नाव दिलं. मंचावर फ्राय म्हणतो की आम्ही फुटलो नव्हतोच, चौदा वर्षांची सुट्टी घेतली होती. लोक हसतात. फेल्डरला २००१ मध्ये काढून टाकलं, हे माहीत असल्यावर ते हसू जरा वेगळंच ऐकू येतं.

विन्स्लोच्या अलीकडे साधारण तीस किलोमीटरवर उल्केचं विवर लागतं. थांबलो. सव्वा किलोमीटरच्या आसपास व्यास, १७० मीटर खोल, पन्नास हजार वर्षांपूर्वीचं. अपोलोच्या अंतराळवीरांनी इथे सराव केला होता. वारा असा की टोपी हातातच धरावी लागली. आपलं लोणार याहून मोठं, शिवाय त्यात पाणी, बाभळी आणि देवळं. इथे कोरडाठाक खड्डा, पण कठडे, दुर्बिणी, दुकान सगळं जागच्या जागी. लोणारला मी तीनदा गेले आहे, तरी विवर म्हणजे काय ते इथे कळलं, हे लिहायला बरं वाटत नाही.

आणि मग विन्स्लो. नवा महामार्ग बाहेरून गेल्यावर रूट ६६ या जुन्या रस्त्यावरची जी गावं सुकली त्यांतलं एक. मालगाड्या जातात, त्या संपतच नाहीत. स्टेशनला लागून ला पोसादा हॉटेल, मेरी कोल्टर या बाईंनी आखलेलं, १९३० चं. तिथल्या बागेत बसून धपाटे खाल्ले.

गाव जगतंय ते एका ओळीवर. जॅक्सन ब्राउन या गायक-गीतकारानं एक गाणं अर्धवट ठेवलं होतं, ते त्याच इमारतीत राहणाऱ्या फ्रायनं मागून घेऊन पुरं केलं: 'टेक इट ईझी', १९७२. त्यात विन्स्लोच्या कोपऱ्यावर एक जण उभा आहे आणि फोर्डच्या उघड्या ट्रकमधून एक मुलगी त्याच्याकडे बघत जाते. बस, एवढंच. त्यावर गावानं १९९९ मध्ये बाग उभी केली. गिटारचं टोक बुटावर टेकवून उभा असलेला ब्राँझचा माणूस, आणि मागच्या भिंतीवर खोट्या खिडक्यांचं चित्र. एका खिडकीच्या काचेत लाल ट्रक 'दिसतो', म्हणून मी वळून बघितलं. तिथे खरोखरच लाल ट्रक उभा करून ठेवलाय! २००४ च्या आगीत मागची इमारत गेली, भिंत राहिली. फ्राय २०१६ च्या जानेवारीत वारला आणि त्याच वर्षी त्याचाही पुतळा आला.

फेल्डरचा पुतळा नाही. बँडमधल्या सुरुवातीच्या बर्नी लेडनचाही नाही. मूळ गाण्यात जो बँजो पळतो तो लेडनचा. पुनर्मीलनाच्या अल्बममध्ये तो माणूसच नाही. त्यामुळे तिथलं 'टेक इट ईझी' नीटनेटकं आहे, पण त्याच्या पायातली चाकं गेली आहेत. नवीन चार गाणी सुरुवातीलाच लावलीत. बँडमधल्या टिमोथी श्मिटनं गायलेलं एक सोडलं तर बाकीची मला कधीच रुचली नाहीत. अल्बम खरा सुरू होतो पाचव्यापासून, जुन्या गाण्यांपासून.

आमच्या गावच्या घराची वाटणी झाली तेव्हापासून बाबा आणि काका बोलत नसत. पडवीत मधे पत्रा ठोकला होता. गणपती मात्र एकच, आणि आरतीला दोघे शेजारी उभे. काकांनी वरचा सूर धरला की बाबा आपोआप खालचा धरायचे. आरती संपली की प्रसाद घेऊन दोघे आपापल्या दाराने आत. ईगल्सची भांडणं मी पुढे केव्हातरी वाचली, तेव्हा वाटलं की त्या दुकानात बाबांचा प्रश्न तसा चुकला नव्हता.

कोपऱ्यावर फोटोसाठी रांग होती. पुढचं जोडपं कुठून फोटो काढायचा यावरून तणतणत होतं. नंबर आल्यावर दोघांनी पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दात दाखवले. त्यांचा फोटो मीच काढला.

परतताना आतेभावानं पुन्हा तोच अल्बम लावला.

"पहिली चार सोड," मी म्हटलं.

त्यानं पाचव्यापासून लावलं.