तुम्ही विचारलेत म्हणून : एका कारखान्यात ईआरपी रुजते, शेजारच्या का नाही?

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे-महापेपर्यंतच्या लहान आणि मध्यम कारखान्यांत ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, बसवून देण्याचे काम मी करतो. तिथले मालक, आणि अलीकडे व्यवसायात उतरलेली त्यांची मुले, मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : सॉफ्टवेअर तेच, खर्च जवळपास तेवढाच, कामगारही एकाच परिसरातले, मग एका कारखान्यात ते अंगवळणी पडते आणि शेजारी मात्र केवळ बिले छापण्यापुरते का उरते? माझे उत्तर असे आहे की, जिथे खरी नोंद करणाऱ्याला त्या नोंदीची भीती वाटत नाही आणि तिचा त्याला स्वतःला उपयोग होतो, तिथेच डिजिटल परिवर्तन टिकते.

स्टोअरकीपरचे उदाहरण घ्या. रात्रपाळीत मशीन बंद पडते, फिटर घाईने बेअरिंग घेऊन जातो, इश्यू स्लिप (माल नेल्याची चिठ्ठी) सकाळी लिहू असे म्हणतो आणि ती राहून जाते. अशी वर्षे गेली की रजिस्टरमधला साठा आणि रॅकवरचा साठा यांत अंतर पडतेच, आणि त्यामागे प्रत्येक वेळी चोरी असते असे मुळीच नाही. नवी प्रणाली सुरू करण्याआधी ओपनिंग स्टॉक, म्हणजे सुरुवातीचा साठा, भरण्यासाठी सगळा माल मोजावा लागतो, तेव्हा हे अंतर उघडे पडते. त्या वेळी मालकाने स्टोअरकीपरला चारचौघांत जाब विचारला, तर पुढे तो संगणकात असेच आकडे भरील, जे पाहून कोणी काही विचारणार नाही. म्हणून मोजणीच्या आधीच मालकाने स्टोअर, खरेदी आणि उत्पादन या तिन्ही विभागांतील लोकांसमोर स्वतः जाहीर करावे की पहिल्या मोजणीत निघालेली तफावत कोणाच्याही पगारातून वसूल होणार नाही आणि या प्रणालीमुळे कोणाची नोकरी जाणार नाही. माणसे कमी करण्याचाच विचार असेल तर तोही आधी सांगावा, कारण लपवलेला हेतू कामगारांना लवकरच कळतो आणि त्यानंतरची एकही नोंद भरवशाची राहत नाही.

दुसरी गोष्ट आयटम मास्टरची, म्हणजे प्रत्येक वस्तूचे नाव आणि कोड असलेल्या मूळ यादीची. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे ते बहुधा नव्याने लागलेल्या मुलावर किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर सोपवले जाते, आणि माझ्या मते अपयशाची सुरुवात तिथेच होते. जुन्या याद्यांत एकच बेअरिंग ‘६२०४’, ‘बेअरिंग ६२०४’, ‘२० एमएम बेअरिंग’ अशा अनेक नावांनी पडून असते. त्या सगळ्यांचा एकच कोड करावा असे कार्यालयात बसलेल्याला सहज वाटते. पण ६२०४ झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याचे आवरण असते, तर ६२०४ टू-आरएसला रबराचे सील. माप अगदी सारखे, २० बाय ४७ बाय १४ मिलिमीटर, तरीही धूळ-पाण्याच्या जागी एकाऐवजी दुसरे चालत नाही. हा फरक फिटरला ठाऊक असतो, संगणकवाल्याला नसतो. ज्या कारखान्यांनी जुन्या फिटरला आणि स्टोअरकीपरला रोजच्या कामातून मोकळे करून मास्टर साफ करायला बसवले, तिथे पुढच्या तक्रारी कमी झाल्याचे मी पाहिले आहे. आणखीही एक घडते : ती यादी त्यांची स्वतःची होते.

तिसरी गोष्ट मालकाच्या सवयीची. ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींपेक्षा अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झाले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपुढच्या उलाढालीपर्यंत आले. ते रुळले, कारण ज्यांना ते लागू होते त्यांच्यासाठी दुसरी वाट उरलीच नाही. त्या पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड नसलेले बिल माल घेणारी कंपनी स्वीकारत नाही. कारखान्याच्या आत मात्र दुसरी वाट मालकच उघडी ठेवतो. ईआरपी सुरू झाल्यावरही तो रोज रात्री व्हॉट्सॲपवर एक्सेल मागतो, आणि मग दोन वह्या चालू राहतात; मालक जी पाहतो तीच लोक मनापासून भरतात. जुने रजिस्टर नव्या प्रणालीसोबत काही काळ चालवणे आवश्यकच आहे, परंतु ते बंद होण्याची तारीख पहिल्याच बैठकीत ठरलेली असावी.

कामाची पद्धत न बदलता नुसते यंत्र बदलण्याची चूक जुनी आहे. पाश्चात्त्य कारखान्यांत वीज आली तेव्हा अनेकांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसवली; सगळी यंत्रे फिरवणारा छताखालचा लांब शाफ्ट (फिरता दांडा) आणि पट्टे मात्र तसेच ठेवले. विजेचा खरा फायदा पुढे, अमेरिकेत मुख्यतः १९२०च्या दशकात दिसला, जेव्हा प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर मिळाली आणि यंत्रांची मांडणी कामाच्या ओघाप्रमाणे झाली. आपल्याकडे खरेदीच्या मंजुरीसाठी कागदावर चार सह्या लागत असतील आणि आपण स्क्रीनवर चार बटणे दिली, तर शाफ्ट जागच्या जागीच राहिला.

म्हणून मालकाला सगळे आकडे एका नजरेत दाखवणारा रंगीत डॅशबोर्ड मी शेवटी करतो. आधी सुपरवायझरला उद्याच्या पाळीत कोणता माल कमी पडणार हे मराठीत किंवा हिंदीत दाखवणारा स्क्रीन द्यावा, आणि स्टोअरकीपरला किमान साठ्याखाली गेलेल्या वस्तूंची यादी सकाळी आपोआप मिळावी, म्हणजे खरेदी विभागाकडे त्याला हातात पुरावा घेऊन जाता येते. माल संपल्याचा ठपका एरवी त्याच्यावरच येतो.