उन्हाला न दिसणारा काळा

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर दोन उद्योग शेजारी शेजारी चालले होते. एका जुन्या साडीवर खालच्या काकूंच्या कुरडया, आणि पलीकडे काचेखाली दाबून ठेवलेला माझा कागद. काकू वर आल्या की आधी कुरडया उलटायच्या, मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "झालं का गं तुझं वाळून?" माझं वाळायचं नव्हतं, भाजायचं होतं. पण तेवढा फरक सांगत बसले नाही. दोघींनाही ऊनच हवं होतं.

मी सायनोटाइप करते, म्हणजे उन्हाच्या जोरावर कागदावर निळ्या प्रिंट काढते. दिवसभर पतसंस्थेत हिशेब बघायचे आणि रविवारी हात निळे करून घ्यायचे, असं तीन वर्षं चाललंय. हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1842 मध्ये ही पद्धत शोधली. घरात ती करायला फार काही लागत नाही. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही सारख्या मापाने एकत्र करायची, मंद दिव्यात कागदावर ब्रशने लावायची, अंधारात वाळवायची. ऊन लागलं की लोखंडाचं रूप बदलतं, आणि धुतल्यावर तिथे निळा राहतो. (फेरीसायनाइड नावाला वाटतं तेवढं भयंकर नाही, पण बाथरूम धुवायच्या ॲसिडजवळ ते कधीही नेऊ नका. विषारी वायू निघतो.)

सुरुवातीला सगळ्यांसारखी मीही शेवग्याची पानं आणि नेचे ठेवून प्रिंट काढल्या. ॲना ॲटकिन्स नावाच्या इंग्रज वनस्पती-अभ्यासक बाईने 1843 पासून शेवाळांची अख्खी पुस्तकं अशीच काढली, तेव्हा परंपरा थोर आहे. पण मला फोटो हवा होता. तोही एकच, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरचा. वर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, खाली कृष्णेच्या पायऱ्या, मागे कोरं आभाळ.

अडचण अशी की या कागदाला साधा उजेड पुरत नाही, अतिनील किरण लागतात, म्हणून एन्लार्जरखाली, म्हणजे दिव्याने फोटो मोठा करायच्या यंत्राखाली, मोठा करता येत नाही. प्रिंट जेवढी हवी तेवढीच निगेटिव्ह, आणि ती कागदाला चिकटून. मोबाइलमधल्या फोटोची सहा बाय आठ इंची निगेटिव्ह हवी तर प्रिंटरवर, पारदर्शक फिल्मवर काढायची.

पहिली फिल्म झेरॉक्सच्या दुकानातून आणली, ओएचपी शीट. ती लेझर प्रिंटरसाठी असते, माझ्यासारख्या शाईच्या इंकजेटसाठी नाही, हे मला कुठे माहीत! प्रिंटरमधून बाहेर आली तेव्हा तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे शाईचे थेंब वर नाचत होते. बोट लावलं तर घंटा पुसून गेली. इंकजेटच्या फिल्मला एका बाजूने शाई शोषणारा थर असतो. ती पुण्यात स्क्रीन प्रिंटिंगचं सामान मिळतं तिथे मिळाली. काचेसारखी लख्ख नाही, जरा दुधट. थर कुठल्या बाजूला आहे ते डोळ्यांना कळत नाही. कोपरा ओल्या ओठाला लावायचा, चिकटली ती शाईची बाजू. घरात कोणी बघत नसताना करावं.

मग प्रिंटरने फिल्म ओळखेना. आतला सेन्सर उजेडावर कागद ओळखतो, आणि उजेड तर आरपार जात होता. पुढच्या कडेला पांढरी मास्किंग टेप लावली तेव्हा साहेबांनी ती आत ओढली. फोटो आरसा-उलटा करून छापायचा, म्हणजे शाईची बाजू थेट कागदाला टेकते. तसं केलं नाही तर मध्ये फिल्मची जाडी येते आणि घंटेवरची अक्षरं पुसट होतात.

एवढं सगळं करून पहिली खरी निगेटिव्ह हातात आली. खिडकीशी धरली तर आभाळ काळंकुट्ट, पलीकडचं झाड दिसेना. खूश होऊन दहा मिनिटं उन्हात ठेवली, धुतली. आभाळ पांढरं यायला हवं होतं, आलं निळं. अगदी भर दुपारचं निळं. ज्याला मेणवली माहीत नाही तो म्हणेल, वा, काय आभाळ आहे!

वेळ कमी केली तर आभाळ फिकं झालं, पण पायऱ्याही फिक्या झाल्या. प्रिंटरला 'साधा कागद' सांगितलं, तर दाट काळी शाई आली आणि फिल्मवर तिची तळी साचली. दोन फिल्म एकावर एक जुळवून लावल्या, तर घंटेला दोन कडा. रागारागाने एकदा साध्या बाँड पेपरवर निगेटिव्ह छापून त्याला खोबरेल तेल चोळलं. हा काही माझा शोध नाही, फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक असलेला टॅलबॉटही कागदी निगेटिव्हना मेण लावत असे. आश्चर्य म्हणजे त्यातून बरं चित्र आलं, फक्त कागदाचे तंतू आभाळात ढगांसारखे उतरले आणि वेळ अडीचपट लागली. डिसेंबरात पुन्हा करायला गेले तर तेल बाटलीत थिजलेलं. तो नाद सोडला.

बाबा हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. ते पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणाच्या ड्रॉइंगची ट्रेसिंग शाईने काढायची आणि त्यावरून अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगच्या नकला, काढायच्या, यात त्यांची तीस वर्षं गेली. लहानपणी ते घरी आले की शर्टाला अमोनियाचा वास यायचा. मी ती काळीकुट्ट निगेटिव्ह त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून खिडकीकडे धरली आणि म्हणाले,

"हे तुला काळं दिसतंय. उन्हाला दिसतंय का?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे जुनं ट्रेसिंग आलं ना, पिवळं पडलेलं, की डोळ्यांनी बघितलं तर स्वच्छ आरपार. पण प्रिंट काढली की सगळी जमीन निळसर यायची. उजेड आतच अडायचा. दुप्पट वेळ द्यावा लागायचा. पिवळं वाईट बाई."

अमोनिया प्रिंटचा कागदही अतिनील किरणांनीच काम करतो, फक्त उलटा. जिथे ऊन लागतं तिथे पांढरा. म्हणजे बाबा ज्याला तीस वर्षं शिव्या घालत होते, नेमकं तेच मला हवं होतं.

त्या रात्री फिल्मवर बारा चौकोन छापले: काळा, राखाडी, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, असे सगळे. रविवारी एकाच कागदावर ठेवून दहा मिनिटं ऊन दिलं आणि बाबांना बोलावून त्यांच्यासमोरच ट्रेमध्ये पाणी ओतलं. आधी पिवळट हिरवं पाणी सुटतं, तांदूळ धुतल्यासारखं. मग खालून निळा वर येतो आणि चौकोन एकेक करून वेगळे पडायला लागतात. निळ्या शाईचा चौकोन होता की नव्हता ते कळेना, तिथून ऊन सरळ गेलं होतं. काळ्याच्या खाली मळकट निळा. आणि केशरी, जो खिडकीशी धरला तर सरबतासारखा दिसत होता, त्याच्याखाली कागद पांढराशुभ्र. फोटोच्या सेटिंगवर माझा प्रिंटर सगळे रंग थोडे थोडे मिसळून काळा करतो, त्यात पिवळ्याचा वाटा कमी पडतो. केशरीत तो भरपूर. हे माझ्या शाईचं झालं. तुमच्या प्रिंटरला कदाचित हिरवा मानवेल, म्हणून बारा चौकोन स्वतःचे स्वतः छापा.

बाबा फक्त "हं" म्हणाले आणि चहा मागितला.

आता माझ्या सगळ्या निगेटिव्ह केशरी असतात. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटतं एक्सरे बिघडलाय. पुढचं काम चिकाटीचं होतं, थोडक्यात सांगते. फिल्मच्या कोऱ्या भागाखाली निळा आणखी गडद होणं जिथे थांबतं ती वेळ काढली. आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये बारा वाजता ती 8 मिनिटं येते. ती एकदा ठरली की तिला हात लावायचा नाही. मग केशरीच्या 0 ते 100 टक्क्यांपर्यंत पाच-पाचने चढणाऱ्या 21 पट्ट्या छापल्या. पहिल्या सहा पट्ट्या सारख्याच गडद, शेवटच्या चार सारख्याच पांढऱ्या, म्हणजे मधल्या अकरांतच सगळा संसार. त्या पसरवायला गिंप नावाच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये गडद-फिक्याचा कर्व्ह वाकवत बसले. सहाव्या खेपेला घाटाच्या सावलीतल्या पायऱ्या मोजता आल्या.

पाण्याचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण दोन चांगल्या प्रिंट त्यात गेल्या. नळाला कास तलावाचं पाणी येतं तोवर ठीक. एकदा पाणी आलं नाही म्हणून बोअरच्या पाण्यात धुतल्या, तर अर्ध्या तासात निळा विटलेल्या जीनसारखा झाला. या निळ्याला क्षार सोसत नाही. आता पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत टाकते. पावसाळ्यात तर फिल्म दमट होऊन शाई कागदाला चिकटते, तेव्हा जून ते सप्टेंबर मी दुकान बंद ठेवते.

मेणवलीची प्रिंट मे महिन्यात झाली. आभाळ कोरं आलं. बाबांनी ती बघितली, बरी आहे म्हणाले, आणि आत जाऊन कपाटावरची एक गुंडाळी काढून आणली. आमच्या घराचा 1987 चा प्लॅन, गेटवे ट्रेसिंग पेपरवर, त्यांच्या हातचा, एकास शंभरच्या स्केलने. कडा पिवळ्या पडलेल्या.

"याला प्रिंटर नको," म्हणाले.

खरंच नको होता. आठच्या जागी बावीस मिनिटं द्यावी लागली, कारण पिवळं. धुतल्यावर गडद निळ्यावर पांढऱ्या रेघा उठल्या, जिन्याच्या पायऱ्या, तुळशीवृंदावन, उत्तर दिशेचा बाण. बाबांनी प्रिंट वाळेपर्यंत दम धरला, मग स्केल लावून पुढची भिंत मोजली.

"नऊ नव्वद भरतेय. दहा पाहिजे."

"मग प्लॅन चुकला?"

"प्लॅन नाही चुकला. कागद भिजून आटलाय. प्रिंटवर माप घ्यायचं नसतं, लिहिलेला आकडा वाचायचा," असं म्हणून त्यांनी पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात, पांढऱ्या कडेवर, तारीख टाकली.